सर्रास या शब्दाची सात कार्डं

धाकट्या जावेला शब्दकोशाच्या कचेरीत चिकटवून दिलं ते थोरलीनंच. पुढे कित्येक वर्षं तिला ही गोष्ट आठवायची आणि दर वेळी ती स्वतःवरच चरफडायची.

झालं होतं असं, की धाकटी ज्या शाळेत शिकवायची ती शाळा बंद पडली. दोघींचं घर एकच. खाली थोरलं बिऱ्हाड, वर धाकटं. धाकटी जिन्यात बसून डोळे पुसत होती, आणि थोरलीला कळवळा आला. "रडतेस काय अशी? आमच्याकडे एक जागा आहे. शब्द लावायचे, कार्डं लिहायची. मी बोलते संपादकांशी." ती बोलली, आणि संपादकांनी तिच्या शब्दाखातर धाकटीला ठेवून घेतलं.

थोरलीला तेव्हा तिथे वीस वर्षं झाली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या चार खोल्या, आणि मधल्या खोलीची एक अख्खी भिंत म्हणजे लाकडी खणांचं कपाट. एकेका शब्दाला एकेक खण. खणात तळहाताएवढी कार्डं, आणि प्रत्येक कार्डावर कोणीतरी खरंच बोललेलं किंवा लिहिलेलं एक वाक्य, कोण बोललं, कुठे, कोणत्या तारखेला. या कार्डांवरून शब्दाचा अर्थ ठरायचा. कपाटाच्या किल्ल्या थोरलीकडे असत.

ती नोकरीला लागली तेव्हा पंचविशीत होती. नुसती नक्कलनवीस. एकदा संपादकांनी गंमत म्हणून तिला एक शब्द दिला, 'सर्रास'. तिनं आठवडाभर डोकं खाजवून लिहिलं: "राजरोस, जिकडेतिकडे, कसलाही धरबंध न ठेवता. नेहमी निषेधाच्या सुरात. उदा. परीक्षेत सर्रास नकला चालतात." संपादकांनी 'निषेधाच्या सुरात' या शब्दांखाली रेघ मारली आणि म्हणाले, "अर्थ कोणीही सांगेल. तुम्हाला सूर ऐकू येतो." या एका वाक्यावर थोरलीनं वीस वर्षं काढली. नवरा खेकसला, लेकीनं उलट उत्तर दिलं, भाजी करपली, की ती मनातल्या मनात ते वाक्य काढून बघायची.

पहिले सहा महिने सगळं गोडीत गेलं. दोघी एकाच बसनं जायच्या, एकाच टेबलाशी डबे उघडायच्या. मग हळूहळू थोरलीच्या पोटात दुखायला लागलं.

कारण म्हटलं तर काहीच नव्हतं. धाकटीशी लोक बोलायचे, एवढंच. थोरली कार्डं आणायची ती पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून, सरकारी पत्रकांतून. धाकटी आणायची ती माणसांच्या तोंडून. बसमध्ये शेजारी बसलेली बाई तिला दोन थांब्यांत आपल्या सुनेचं बाळंतपण सांगायची. दवाखान्यात रांगेत उभी राहिली, की पुढचा आणि मागचा दोघेही तिच्याशी आपापलं दुखणं बोलायचे. रोज सकाळी ती तीन-चार नवी कार्डं घेऊन यायची, आणि संपादक आपल्या खोलीच्या दारातूनच विचारायचे, "काय, आज तोंडचं काय आणलंत?"

तोंडचं! थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दिवसातून किती वेळा ते दार धाकटीसाठी उघडतं हे ती मोजायला लागली. धाकटीला पाठदुखीमुळे कचेरीनं गादीची खुर्ची दिली, तर थोरलीला आठ दिवस आपली खुर्ची टोचत होती. तोंडावर "छान, छान" म्हणायची आणि मागे वळली की कार्डाचं अक्षर बघून नाक मुरडायची. घरीही सुटका नव्हती. लेक अभ्यासाचं निमित्त करून वर जाऊन बसायची. नवरा जेवताना म्हणायचा, "वहिनींनी काय गंमत सांगितली माहितीये आज?" धाकट्या भावाच्या बायकोला तो कौतुकानं वहिनी म्हणायचा. थोरलीला ती गंमत खरं तर माहीत असायला हवी होती, कारण ती घडली तेव्हा ती शेजारीच बसलेली असायची, पण तिला काही ऐकूच आलेलं नसायचं.

कोशातल्या 'हेवा' आणि 'मत्सर' या दोन्ही नोंदी थोरलीनंच लिहिल्या होत्या. दुसऱ्याला मिळालं ते आपल्यालाही मिळावं असं वाटणं म्हणजे हेवा. दुसऱ्याला मिळालंय ते त्याच्याकडे राहू नये असं वाटणं म्हणजे मत्सर. त्यामुळे आपण पहिल्या खणातून दुसऱ्यात कधी आलो, हे तिला अगदी नेमकं कळलं होतं.

कोशाच्या नव्या आवृत्तीचं काम शेवटाकडे आलं होतं. दर सोमवारी संपादक शब्द वाटून द्यायचे. 'स' चालू होता. थोरली आपला शब्द घ्यायला पेन सरसावून बसली होती.

"'सर्रास' तुमच्या जाऊबाईंना देतो," संपादक म्हणाले. "जुनी नोंद तुमची आहे. आपलं लिहिलेलं आपण तपासू नये."

"हो, बरोबरच आहे," थोरली म्हणाली. मग हात धुवायला म्हणून उठली, आणि नळ सोडून किती तरी वेळ तशीच उभी राहिली.

तीन आठवड्यांनी डबा खाता खाता धाकटी म्हणाली, "ताई, रागावणार नसाल तर एक विचारते. तुम्ही 'नेहमी निषेधाच्या सुरात' असं लिहिलंय ना? पण मला सूर नसलेलीही वाक्यं सापडताहेत."

"कुठे?"

धाकटीनं सात कार्डं टेबलावर मांडली. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, "हा रक्तगट सर्रास मिळत नाही हो, आधी सांगून ठेवायला हवं." बागेतला माळी म्हणाला होता, "ही निळी पाखरं पूर्वी सर्रास दिसायची." चष्मेवाला, पोस्टमन, शिवणकाम करणारी बाई, आणखी दोघं. सातही वाक्यांत कोणी कोणाला दोष देत नव्हतं. एखादी गोष्ट किती पसरली आहे, किती सहज भेटते, एवढंच सांगत होते. माळ्याच्या वाक्यात तर उलट हळहळ होती.

थोरलीनं ती वाचली. सूर तिला स्वच्छ ऐकू आला. सातही कार्डं बरोबर होती.

"लोकांना बोलताना भान कुठे असतं?" ती म्हणाली. "वाटेल तो शब्द वाटेल तिथे टाकतात."

"पण ताई, त्यांच्याच बोलण्याचा कोश ना हा?"

धाकटी सरळ मनानं म्हणाली होती. थोरलीच्या ते वर्मी लागलं.

त्या शुक्रवारी दुपारी सगळे खाली चहाला गेले होते. थोरलीनं कपाट उघडलं, 'सर्रास'चा खण ओढला, नवी सात कार्डं काढली आणि पर्समध्ये टाकली. खण लावताना तो नेहमीसारखा करकरला, तशी तिनं मागे वळून दाराकडे पाहिलं. घरी आल्यावर तिनं ती शिवणयंत्राच्या ड्रॉवरमध्ये, रिळांच्या खाली ठेवली. रविवारी दुपारी घरात कोणी नाही असं बघून पुन्हा बाहेर काढली. का काढली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दोन कार्डांवर तारीख नव्हती. धाकटीची ही जुनीच खोड. बिनतारखेचं कार्ड थोरलीनं आजवर खणात जाऊ दिलं नव्हतं. कोणतं वाक्य कधी आलं ते तिच्या लक्षात होतं, कारण धाकटीला कोणत्या दिवशी काय मिळालं हे ती जळत्या मनानं टिपून ठेवायचीच. टेबलावर लाल पेन्सिल होती. तिनं तारखा घातल्या, कार्डं परत रिळांखाली सारली आणि इस्त्रीला बसली.

बुधवारी बैठक झाली. लांब टेबलाभोवती पाच जण, आणि टोकाशी संपादक. धाकटीनं नोंद वाचली. पहिला अर्थ थोरलीचाच ठेवला होता. दुसरा नवा होता: "पुष्कळ ठिकाणी, सहज आढळेल असे. विशेषतः नकारार्थी वाक्यांत किंवा गेलेल्या काळाबद्दल बोलताना. येथे दोष देण्याचा सूर नसतो."

संपादक पुढे झुकले. "सुरेख. कार्डं बघू."

खण आला. जुनी कार्डं होती, नवं एकही नव्हतं.

"शुक्रवारी मी स्वतः ठेवलीत," धाकटी म्हणाली. तिनं खण उलटा करून पाहिला. "सात होती. ताई, तुम्हाला दाखवली होती ना मी?"

सगळ्यांनी थोरलीकडे पाहिलं.

"काहीतरी दाखवलं होतंस खरं," थोरली म्हणाली. "पण नीटसं आठवत नाही गं."

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे, जिन्यात पायरी असेल असं वाटून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा तिचा चेहरा झाला होता.

"ठेवली होती म्हणून भागत नाही," संपादक म्हणाले. "कार्ड नाही तर अर्थ नाही. जुनीच नोंद राहू दे." उठताना एकानं थोरलीला म्हटलंसुद्धा, "अभिनंदन! तुमची नोंद टिकली बरं का."

थोरली खुशीत होती. तिसऱ्या मजल्यापासून बसच्या थांब्यापर्यंत ती खुशी पुरली.

रविवारी सकाळी धाकटी खाली आली. "ताई, माझ्याबरोबर चला. त्या सगळ्यांकडून पुन्हा वाक्यं घेऊन येऊ. तुम्ही साक्षीला असलात की संपादक नाही म्हणणार नाहीत."

थोरलीनं कपाट आवरायचं निमित्त काढलं, पण नवरा पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "जा की! कपाट काय पळून जातंय?" तिला जावं लागलं.

आधी दवाखाना. नर्स धाकटीला बघून खुलली, तिच्या पाठीची चौकशी केली. थोरलीला तेवढ्यातही ते खुपलं. मग धाकटीनं रक्ताचा विषय काढला, आणि नर्सचं लक्ष थोरलीच्या चष्म्याकडे आणि धाकटीच्या हातातल्या वहीकडे गेलं. ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "सदर रक्तगट दुर्मीळ असल्याकारणाने सर्वत्र उपलब्ध नसतो."

बागेत माळ्यानं हात पुसले, सदरा नीट केला. "पक्ष्यांची संख्या घटलेली आहे. असं लिहा. आणि पाण्याचा नळ तीन महिने बंद आहे, तेही लिहा."

चष्मेवाला तर आधीच सावध झाला. "कोणता शब्द हवाय तुम्हाला? सर्रास? बरं, म्हणतो की. सर्रास, सर्रास. चालेल?"

धाकटीनं वही मिटली. दोघी रस्त्याकडेच्या बाकावर बसल्या.

"लिहून घे की," थोरली म्हणाली. "म्हणाला ना तो."

"मागून घेतलेलं वाक्य कार्डावर चढवायचं नाही. तुम्हीच शिकवलंय मला." धाकटीनं वही पिशवीत टाकली. "गेली ती वाक्यं, ताई. ती माणसं पुन्हा तशी बोलायची नाहीत."

 आपण धाकटीचं काही काढून घेतोय अशा समजुतीत थोरलीनं ती कार्डं उचलली होती. पण माळ्याची पाखरं काही धाकटीची नव्हती. हे तिला उमगलं, आणि तरीही, नर्सनं आपल्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी का केली नाही हा सल काही जाईना. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवून ती घरी आली.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी कचेरीत पोचली. कबूल करायचं धाडस नव्हतं, म्हणून तिनं कार्डं शेजारच्या 'सरसकट' या शब्दाच्या खणात सारून दिली. कोणालाही वाटावं, चुकून पडली.

गुरुवारी ती कार्डं धाकटीला सापडली. धाकटी आनंदानं ओरडलीच. सगळे गोळा झाले, संपादक हसले, "शेजाऱ्यांकडे जाऊन बसली होती म्हणायची!" धाकटीनं कार्डं टेबलावर ओळीनं मांडली, आणि त्यातल्या दोनांवर तिची नजर अडकली. लोक पांगले तरी ती दोन कार्डं हातात धरून बसली होती. थोरलीनं लांबूनच लाल पेन्सिलीचे आकडे पाहिले आणि समोरचं पुस्तक उघडून त्यात डोकं घातलं.

 घराच्या जिन्याशी आल्यावर धाकटी थांबली.

"तारखा तुम्ही घातल्यात."

"कसल्या तारखा?"

"ताई, असा डोकं मिटलेला चार अख्ख्या कचेरीत तुम्ही एकट्या काढता. शुक्रवारी मी कार्डं ठेवली तेव्हा त्या नव्हत्या. का केलंत असं?"

थोरलीनं जिन्याचा कठडा धरला. काय काय सांगता येईल हे तिनं एकदा मनाशी चाळून पाहिलं. मग म्हणाली, "जळत होते मी तुझ्यावर."

"माझ्यावर?" धाकटीला हसूच आलं, पण ते लगेच विझलं. "माझ्याकडे जळण्यासारखं आहे तरी काय? शाळा बुडाली म्हणून तुमच्या शब्दावर आले मी इथे."

"ते माहितीये मला. त्यानं काही कमी होत नाही. लोक तुझ्याशी बोलतात गं. माझ्याशी कोणी बोलत नाही. मला एक वाक्य हवं असलं तर दोनशे पानं उलटावी लागतात, आणि तू नुसती बसमध्ये बसतेस."

"म्हणून सगळ्यांसमोर मला खोटं पाडलंत? 'नीटसं आठवत नाही गं' म्हणालात. 'गं' म्हणालात!" धाकटीचा आवाज चढला. "संपादकांना तुम्ही सांगायचं. मी चहाडी करणार नाही. पण सांगितलं नाहीत, तर हा जिना उतरून मी तुमच्या दारात पाऊल टाकणार नाही."

थोरलीला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ती संपादकांच्या खोलीत गेली, उभ्या उभ्या सांगितलं. संपादकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्हाला घरी पाठवायला हवं," ते म्हणाले. "पाठवत नाही, कारण 'ह'पर्यंत जायचंय आणि तुमच्यासारखं काम करणारं दुसरं माणूस मला मिळणार नाही. पण किल्ल्या द्या."

किल्ल्या शिपायाकडे गेल्या. त्यानंतर थोरलीला एखादा खण हवा असला, की शिपायाच्या स्टुलाशी जाऊन मागावा लागे आणि वहीत सही करावी लागे. आठवड्याभरात कचेरीत सगळ्यांना सगळं कळलं. कोणी तोंडावर बोललं नाही, पण ती खोलीत शिरली की चाललेलं बोलणं तुटायचं. आधी लोक तिच्याशी नुसते बोलत नव्हते, आता तिच्यासमोरही बोलेनासे झाले.

धाकटीनं चार महिने अबोला धरला. शब्दापुरतं बोलायची, "हे कार्ड बघून घ्या", "हा नपुंसकलिंगी ना?" त्यापलीकडे नाही. लेक मात्र पूर्वीसारखीच वर जाऊन बसायची. थोरली खाली एकटी भाजी निवडत वरचं हसणं ऐकायची आणि जळायची. चूक कबूल केली की हे जाईल अशी तिची समजूत होती. ते काही गेलं नाही.

कोंडी फुटली ती कामातच. 'सर्रास' आणि 'सरसकट' यांच्यातला फरक सांगणारी टीप संपादकांना हवी होती, आणि ती त्यांनी मुद्दाम दोघींना मिळून लिहायला सांगितली. पहिला दिवस दोघी कागदाशीच बोलल्या. दुसऱ्या दिवशी धाकटी वैतागून म्हणाली, "दोन्हींचा अर्थ सगळीकडे, सगळे, असाच होतो की हो! टीप कसली लिहायची?"

"होत नाही," थोरली ताडकन म्हणाली. "सरसकट म्हणजे एकही सुटला नाही. सर्रास म्हणजे सुटले असतील, पण सुटलेल्यांना विचारतंय कोण?"

धाकटीनं पेन खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते थोरलीला ओळखता आलं. वीस वर्षांत ती ते शब्दांत पकडायला शिकली होती. तो हेवा होता, अगदी स्वच्छ, पहिल्या खणातला.

"हे मला सुचलं नसतं," धाकटी म्हणाली. "लिहा. तुमच्याच शब्दांत लिहा."

आवृत्ती छापून आली. 'सर्रास'ला दोन अर्थ, दुसऱ्याखाली नर्सचं आणि माळ्याचं वाक्य. धाकटी पुन्हा जिना उतरून यायला लागली. पूर्वीसारखी ऊठबस राहिली नाही, पण आजारपणात डबा येऊ लागला, आणि तो रिकामा परत जाईनासा झाला.

सहा वर्षांनी संपादक निवृत्त झाले. जाण्याआधी त्यांनी थोरलीला बोलावून विचारलं, "माझ्या जागी कोण?" थोरलीनं धाकटीचं नाव सांगितलं. मोठं मन दाखवायचा तिचा विचार नव्हता. दुसरं कोणतंही उत्तर खोटं झालं असतं, आणि खोट्याची तिनं धास्ती घेतली होती. पण दारावर धाकटीच्या नावाची पाटी लागली त्या दिवशी थोरली ताप आलाय म्हणून घरी झोपून राहिली.

नवऱ्यानं कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही."

"आहे. थर्मामीटरमध्ये येत नाही तो."

दोन दिवसांनी उठली आणि कामावर गेली. नव्या संपादकबाईंनी तिला 'ताई' म्हणून हाक मारली, पुढच्या आवृत्तीच्या शब्दांची यादी हातात दिली आणि दुखण्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. थोरलीनं त्याबद्दल मनातून तिचे आभार मानले, आणि खोलीतल्या नव्या पडद्यांकडे एक नजर टाकलीच.

निवृत्तीला वर्ष उरलं असताना थोरलीनं एक नवीनच उद्योग आरंभला. कोरं कार्ड हातात धरून ती बसनं एक थांबा पुढे जाऊन उतरू लागली, अनोळखी बाईच्या शेजारी मुद्दाम जागा धरू लागली. महिनाभर कोणी तिच्याशी बोललं नाही. मग एके दिवशी वीजबिलाच्या रांगेत पुढची बाई वळली आणि आपल्या धाकट्या जावेबद्दल बोलू लागली. ती कशी सगळ्यांत मिसळते, सासरच्यांना कशी तिचीच हाक आधी ऐकू येते, आणि मेलीत एक खोट काढू म्हटलं तर सापडत नाही. बाई पंधरा मिनिटं बोलत होती. थोरली "हो ना", "मग काय तर" म्हणत इतकी जीव लावून ऐकत होती, की खिडकीशी दोघींचा नंबर येऊन गेला तरी तिला कळलं नाही, आणि हातातल्या कोऱ्या कार्डावर लिहायचं तर ती साफ विसरून गेली.